छोट्या वुड टर्निंग लेथला कोणता चक घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दहा इंची छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) घेतलाय, मोटर अर्ध्या एचपीची, वाट्या आणि बाऊल करायचेत. लोखंडकामाचा तीन जॉचा (जबड्यांचा) चक, म्हणजे कातायची वस्तू धरून फिरवणारा भाग, जवळच्या दुकानात स्वस्तात मिळतोय, लाकडासाठीचा चार जॉचा त्यापेक्षा बराच महाग पडतोय. खरंच एवढा फरक आहे का, आणि घ्यायचाच तर केवढा?

फरक आहे. आणि हे मी लोखंडकामाचा चक आणून, वर्षभर वापरून मग सांगतोय. माझी उमेदीची सगळी वर्षं भोसरीत टर्नर म्हणून गेली. रिटायर झाल्यावर गॅलरीत लाकडाचा लेथ मांडला, तेव्हा त्याला वेगळा चक विकत घेणं मला कमीपणाचं वाटलं. चक तो चक, त्यात लाकूड काय नि एमएस (साधं पोलाद) काय! ८० मिलिमीटरचा तीन जॉचा आणला, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बॅकप्लेट करून घेतली आणि बसवला. (ही बॅकप्लेट तुमच्या हिशेबात आहे का बघा. लोखंडी चकला मागून बोल्ट असतात, तुमच्या स्पिंडलला (लेथच्या फिरणाऱ्या दांड्याला) आटे. मधला दुवा करून घ्यायचे पैसे वेगळे, आणि तो जरा वाकडा झाला तर सगळंच डुगडुगतं.)

लोखंडी चक सळई धरायला केलेला असतो. त्याच्या जॉची धरणारी कड जेमतेम नखाएवढी रुंद. पोलादाला तेवढी पुरते, कारण पोलाद दबत नाही. आंब्याचं लाकूड दबतं. आवळलं की तीन ठिकाणी खड्डे पडतात, थोड्या वेळाने जॉब (धरलेलं लाकूड) सैल होतो, आपण पुन्हा आवळतो, खड्डे आणखी खोल. मी सात इंची बाऊल आतून पोखरत होतो. आधी टिक-टिक असा बारीक आवाज यायला लागला. वाटलं, लाकडात गाठ असेल. तेवढ्यात टूल अडकलं आणि बाऊल गॅलरीच्या ग्रिलवर आपटून खाली तुळशीच्या कुंडीत. खुंट, म्हणजे चकने धरलेला बुडाचा भाग, उचलून पाहिला तर त्यावर तीन खोल चरे आणि मधलं लाकूड फुगून वर आलेलं. शिवाय हे जॉ उघडले की चकच्या अंगाबाहेर येतात आणि फिरताना अजिबात दिसत नाहीत. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावरची खूण त्यांचीच.

तेव्हा घ्यायचा तो लाकडासाठीचा, चार जॉचा, चावी फिरवली की चारही जॉ एकदम आत-बाहेर होणारा. दुकानात नुसतं ‘चार जॉचा द्या’ म्हणू नका, नाहीतर इंडिपेंडंट हातात ठेवतील. त्यात प्रत्येक जॉ वेगळा सरकवून जॉब सेंटरला आणावा लागतो. लोखंडात वेडावाकडा जॉब धरायला तो फार छान, बाऊलसाठी डोक्याला ताप.

पण चक बघण्याआधी स्पिंडल बघा. नव्वद टक्के घोळ तिथे होतात. लेथच्या कागदावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. आट्यांचा बाहेरचा व्यास २५ मिलिमीटरच्या किंचित वर आला आणि एका इंचात आठ आटे मोजले, तर तो १ इंच ८ टीपीआय. छोट्या लेथवर हा बराच आढळतो. १९ च्या आसपास व्यास आणि इंचात सोळा आटे, तर पाऊण इंच १६ टीपीआय. ३३ मिलिमीटर आणि साडेतीन मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), तर एम३३, युरोपातल्या लेथवर असतो तो. व्हर्नियर नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून १ इंची बीएसडब्ल्यू (जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) नट आणा. त्याचेही इंचात आठच आटे असतात. आट्यांचा कोन वेगळा असल्याने तो जरा ढिला किंवा जड जाईल, पण पाच-सहा फेरे बसला तर तुमचे आटे ८ टीपीआयचे हे कळलं. नट फक्त तपासायला, बरं का.

आट्यांइतकाच महत्त्वाचा त्यांच्या मागचा खांदा, म्हणजे आटे संपतात तिथला सपाट कडा. चक पूर्ण फिरवल्यावर त्याची पाठ या खांद्याला चिकटून बसली पाहिजे. चक सरळ फिरतो तो खांद्यामुळे. आटे फक्त ओढून धरतात. मी एकदा ऑनलाइन एक ॲडॅप्टर मागवला, ‘सगळ्या लेथना बसतो’ म्हणून. बसला, पण खांद्यापासून मिलिमीटरभर लांबच अडला, कारण स्पिंडलच्या मुळाशी आटे नसलेला जो गुळगुळीत भाग असतो, त्याला आत जागाच ठेवली नव्हती. विकणाऱ्याचं म्हणणं, चालतं एवढं. नाही चालत. शेवटी ॲडॅप्टरचं तोंड आतून बोअर करून घेतलं तेव्हा कुठे बसला. तुम्ही चक आणलात की खांद्यापाशी कागदाचा कपटा सरकवून बघा. कुठूनही आत गेला तर चक परत करा.

म्हणूनच, छोट्या लेथवर थेट तुमच्या आट्यांचा चक घ्या, मधे ॲडॅप्टर नको. ॲडॅप्टरवाल्या चकचा फायदा एवढाच की उद्या मोठा लेथ घेतलात तर फक्त ॲडॅप्टर बदलायचा. पण त्यापायी जॉब बेअरिंगपासून आणखी पुढे जातो. तुमच्या मशीनचं बेअरिंग लहान, वजन कमी. जॉब जितका पुढे, तितकी थरथर जास्त. चकचा आकारही यावरच ठरवा. ७५ ते १०० मिलिमीटर अंगाचा बास. त्याहून मोठा फुकट मिळाला तरी घेऊ नका, अर्ध्या एचपीची मोटर त्याचंच वजन फिरवत बसेल. आणि दहा इंची लेथ म्हणजे सेंटरपासून बेडपर्यंत (लेथच्या खालच्या पट्ट्यांपर्यंत) पाच इंच. प्रत्यक्षात नऊ इंचाच्या पुढे ठोकळा बसत नाही, टूल रेस्टचा (हत्यार टेकवायच्या आधाराचा) पाया खाली सरकवायचा तर त्याहूनही कमी.

कंपनीचं विचाराल तर न्यूझीलंडच्या टेकनाटूलचा नोव्हा जी३ अशा लेथसाठीच प्रसिद्ध आहे आणि १ इंच ८ टीपीआयमध्ये थेट आट्यांचा मिळतो. ऑस्ट्रेलियाचा विकमार्क, कॅनडाचा वनवे हेही चांगले, पण आपल्याकडे येईपर्यंत किंमत चढते. बिननावाचे स्वस्त चकही सगळेच वाईट नसतात. माझ्याकडे सध्या तसलाच एक आहे. मात्र हातात घेऊन बघा: जॉ पूर्ण बंद केल्यावर चारही मधोमध एकत्र भेटतात का, जॉ बोटाने हलवला तर डुगडुगतो का, चावी फिरवताना मधेच जड लागते का. जॉवर आणि खाचांवर १ ते ४ आकडे हवेत. जॉ काढून धुतलेत आणि क्रम चुकवून बसवलेत तर सेंटर कधीच येणार नाही. दोन दांडे घालून आवळायचा चक हलका आणि स्वस्त असतो, पण त्यात दोन्ही हात गुंततात आणि जॉब धरायला तिसरा हात लागतो. टी आकाराच्या चावीचाच घ्या. आणि ती चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. कारखान्यात आमचे उस्ताद यासाठी पाठीत धपाटा घालत. मशीन चालू झालं की ती चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटते.

चकसोबत बहुतेक ५० मिलिमीटरचे जॉ येतात. ते कसे धरतात हे नीट समजून घ्या. हे चार जॉ म्हणजे एका गोल कड्याचे केलेले चार तुकडे. ते एका ठरावीक मापालाच पूर्ण वर्तुळ होतात. चक जवळजवळ बंद, दोन जॉमध्ये करवतीच्या पात्याएवढी फट, ते हे माप. तेव्हा खुंटाला सगळीकडून पकड बसते. त्याहून जास्त उघडलेत की प्रत्येक जॉ फक्त आपल्या दोन टोकांनी टेकतो, म्हणजे सगळी मिळून आठ टोकं, आणि पुन्हा तेच खड्डे. म्हणून तेवढी फट ठेवून जॉच्या आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. खुंट त्या मापाचा किंवा दोन-तीन मिलिमीटर मोठा करायचा.

खुंट म्हणजे बाऊलच्या बुडाशी ठेवायचा तो गोल ठेंगणा भाग, ज्याला इंग्रजी व्हिडिओंमध्ये टेनन म्हणतात. सहा-सात इंची बाऊलला ६ ते ८ मिलिमीटर उंचीचा पुरतो. दोन गोष्टी पाळा. खुंटाचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. वजन पेलायला पाहिजे ते जॉच्या तोंडावर बसलेल्या बुडाच्या सपाट कड्याने. आणि जॉला आतून जसा उतार असेल तसाच उतार खुंटाला द्या, म्हणजे आवळताना जॉब आत ओढला जातो. बुडाला उलट खाच करून आतून जॉ फाकवूनही धरता येतं, पण सुक्या सागाची कड त्या दाबाने तडकते. सुरुवातीला खुंटच ठेवा.

आवळताना एका भोकातून आवळा, चक अर्धा फिरवा, दुसऱ्या भोकातून आवळा. दहा मिनिटं काम झालं की मशीन बंद करून परत एकदा. लाकूड दबलेलं असतं, पाव फेरा चावी हमखास फिरते. ओल्या लाकडाचा बाऊल असेल तर जाड कातून महिना-दोन महिने किंवा जास्तही वाळत ठेवावा लागतो. तोवर खुंट लंबगोल होतो, तो परत गोल केल्याशिवाय चकमध्ये घालू नका. आतून पोखरायला घेईपर्यंत टेलस्टॉक (समोरून टेकू देणारा भाग) लावूनच ठेवा. ठोकळा ओबडधोबड असताना पाचशे आरपीएमच्या आसपास, गोल झाल्यावर वाढवा. इंचातला व्यास गुणिले आरपीएम सहा ते नऊ हजारांत ठेवायचा, म्हणजे सहा इंचाला हजार ते दीड हजार. तोंडावर शिल्ड घाला आणि चालू करताना जॉबच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

पैसे आत्ता नसतील तर चकसाठी थांबू नका. लेथबरोबर फेसप्लेट (स्पिंडलवर बसणारी भोकं असलेली चकती) आलीच असेल. तिच्यावर फालतू लाकडाची चकती स्क्रूने बसवा, तोंड सपाट कातून घ्या, बाऊलचा ठोकळा फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. बाऊल झाल्यावर पार्टिंग टूलने कापून वेगळा करायचा. सावंतवाडीची लाखेची खेळणी या असल्या चकच्या कितीतरी आधीपासून कातली जातायत. पहिले पाच-सहा बाऊल असे केलेत तर टूल अडकणं म्हणजे काय तेही कळेल. आणि चकच्या किमतीएवढेच पैसे बाऊल गाउज (बाऊल कातायचं पन्हळी हत्यार) आणि त्याला धार लावायच्या ग्राइंडरसाठी बाजूला ठेवा. बोथट गाउजने काम केलंत तर कुठलाही चक जॉब धरून ठेवणार नाही.

जादा जॉचा सेट मात्र आत्ता घेऊ नका. बाऊलचं बूड साफ करायला रबरी बोंडांचे मोठे जॉ मिळतात, पण दहा इंची लेथवर ते बसतील का हे आधी मोजावं लागतं. मी त्याऐवजी टाकाऊ लाकडात बाऊलच्या तोंडाच्या मापाची गोल खाच काततो, त्यात बाऊल उलटा दाबून बसवतो आणि टेलस्टॉक टेकवतो. खाच जरा सैल झाली तर मधे वर्तमानपत्राचा कागद.