मे महिन्यातला फ्युएल सेल: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलची ओळख करून दिली होती, त्यावर जी पत्रं आली त्यातली बहुतेक एकाच ठिकाणी येऊन थांबतात, ते म्हणजे आपला उन्हाळा. चंद्रपूर, अकोला, यवतमाळकडच्या माणसाला कुठलीही मशीन दाखवा, तो आधी विचारते, तापते का? बरोबरच विचारते. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले, फक्त उष्णता अन् ओल एवढंच घेतलं, कारण फ्युएल सेलमध्ये हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत.

प्रश्न: सर, तुम्ही लिहिलं का फ्युएल सेलमध्ये जाळ नाही, धूर नाही, हायड्रोजन अन् हवेतला ऑक्सिजन मिळून वीज अन् पाणी होते. मंग त्याले रेडिएटर काऊन लागते? अन् आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री राहते, तिथं हे चालन का? नीट सांगजा.
(आयटीआयचा विद्यार्थी, ब्रह्मपुरी)

भाऊ, जाळ नाही म्हणून उष्णता नाही असं होत नाही. १ किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, त्यातली निम्मी म्हणजे १६-१७ युनिट वीज म्हणून तुमच्या हातात येते आणि उरलेली निम्मी उष्णता होऊन स्टॅकमध्येच, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यातच निघते. म्हणजे ५ किलोवॅट वीज देणारा सेल जवळपास ५ किलोवॅटचीच उष्णता सोबत काढून राहिला असतो, आणि ती बाहेर काढलीच पाहिजे.

आता डिझेल इंजिनाशी तुलना करा, म्हणजे खरी अडचण दिसते. इंजिनाची पुष्कळ उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, तो धूरच एवढा गरम असतो. आपण इथं ज्या सेलबद्दल बोलून राहिलो, ज्याला पीईएम म्हणतात, तो ६० ते ८० डिग्रीवर चालते, त्याच्या नळीतून बाहेर पडणारी हवा पण तेवढीच कोमट, ती फार काही घेऊन जात नाही. सगळा भार पडते कूलंटवर आणि रेडिएटरवर. आणि रेडिएटर किती उष्णता फेकेल हे आतलं पाणी अन् बाहेरची हवा यांच्यात किती डिग्रीचा फरक आहे त्यावर ठरते. कूलंट ७० डिग्रीचा धरा. बाहेर २५ असेल तर फरक ४५ चा. ब्रह्मपुरीत मे महिन्यात बाहेर ४५, म्हणजे फरक राहिला २५. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम अर्ध्याहून थोडंसंच जास्त होणार. इंजिनाचा कूलंट ९०-१०० पर्यंत जातो म्हणून ट्रॅक्टरला ही मार कमी बसते.

तर चालेल का? चालेल, पण रेडिएटर त्या हिशोबानं मोठा पाहिजे (फ्युएल सेलच्या बसमध्ये तो बऱ्याचदा टपावर बसवतात, समोर तेवढी जागाच पुरत नाही), नाहीतर दुपारी कंट्रोलर स्वतःच लोड कमी करून टाकते, ५ किलोवॅटच्या मशीनमधून ५ निघत नाहीत. तुम्ही म्हणाल मग सेललाच ९५-१०० डिग्रीवर चालवा ना, फरक आपोआप वाढेल. नेमकं तेच करता येत नाही, आणि त्याचं कारण खालच्या प्रश्नात आहे.

प्रश्न: मेम्ब्रेन ओलं ठेवावं लागते असं वाचलं. पण सेल तर सोताच पाणी बनवते, मग ते वाळते कसं? आणि पावसाळ्यात हवा एवढी दमट राहते, तेव्हा तरी बाहेरून ओल द्यायची गरज नसेल ना?
(विज्ञान शिक्षिका, जि. यवतमाळ)

ताई, एवढा नेमका प्रश्न विचारला त्याचा फार आनंद झाला, सगळा विषय याच्यातच आहे.

सेलच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकसारखा पडदा असतो, तो मेम्ब्रेन. बहुतेक ठिकाणी नाफियॉन किंवा त्याच जातीचा. हायड्रोजनचे प्रोटॉन या पडद्यातून पलीकडे जातात, पण पडद्यात पाणी असलं तरच, कोरड्या पडद्यातून ते जवळपास जातच नाहीत. आणि जाताना प्रत्येक प्रोटॉन थोडं पाणी सोबत ओढून नेतो, त्यामुळं हायड्रोजनची बाजू वाळत जाते आणि हवेची बाजू, जिथं नवीन पाणी पण तयार होऊन राहिलं, ती ओली होत जाते. काही पाणी उलटं झिरपून परत येते, पण लोड वाढला की ओढणं जास्त आणि परत येणं कमी. शिवाय हवा जिथून आत शिरते तिथं कोरडं आणि जिथून बाहेर पडते तिथं चिंब, म्हणजे एकाच स्टॅकमध्ये एकाच वेळी एक कोपरा वाळून राहिला आणि दुसरा कोपरा बुडून राहिला असं होऊ शकते.

आता पाणी किती बनते, तर १ किलो हायड्रोजनमागे सुमारे ९ लिटर. वाटते भरपूर आहे. पण सेलला लागते त्याच्या दुप्पटीच्या आसपास हवा आपण त्याच्यातून पाठवतो, आणि तापलेली हवा किती वाफ पिते ते बघा. मे महिन्यातली दुपारची हवा ४५ डिग्री, आर्द्रता १५ टक्के धरू. तीच हवा सेलमध्ये जाऊन ७० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता ५ टक्क्यांच्याही खाली जाते, कारण हवेतलं पाणी तेवढंच आहे पण गरम हवेची ताकद वाढली. आता तुमची पावसाळ्याची हवा घ्या, २८ डिग्री आणि ९० टक्के. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत अशी. तीसुद्धा ७० डिग्रीला नेली की आर्द्रता उरते ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सेलच्या नजरेनं आपला ऑगस्ट पण कोरडाच, मे थोडा जास्त कोरडा एवढंच. साध्या दाबावर साधारण ६० डिग्रीच्या वर गेलं की सेलनं स्वतः बनवलेलं पाणी हवेला पुरत नाही, काहीतरी सोय करावीच लागते. आणि म्हणूनच ९५-१०० वर चालवा म्हणता येत नाही.

वाळलं तर काय होते, तर पडद्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यातून वीज जाताना तो अजून तापतो, तापला की अजून वाळतो, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की त्या जागी बारीक भोक पडून हायड्रोजन सरळ हवेच्या बाजूला जाऊ शकते, मग तो स्टॅक गेलाच समजा. उलट पाणी जास्त झालं तर पडद्यामागच्या कार्बन पेपरची (गॅस आत पोचवणारा कार्बनचा सच्छिद्र कागद) छिद्रं भरतात, ऑक्सिजन आत पोचत नाही आणि व्होल्टेज पडते. पाणी हायड्रोजनच्या बाजूला साचलं तर जास्त वाईट, कारण हायड्रोजन न मिळालेला भाग स्वतःचाच कार्बन खायला लागतो.

वाळण्यावर चांगला उपाय म्हणजे ह्युमिडिफायर, आणि तो पाण्याची टाकी जोडून चालत नाही, सेलमधून बाहेर पडणारी ओली हवाच वापरतो. आत बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो, नळीच्या एका बाजूनं ओली जाणारी हवा, दुसऱ्या बाजूनं कोरडी येणारी हवा, नळीची भिंत वाफेला पलीकडे जाऊ देते. बाहेर फुकट जाणारी ओल परत आत. मला स्वतःला या सगळ्या यंत्रणेतला हा भाग सगळ्यात आवडतो. २०२२ मध्ये गडकरी साहेब ज्या हायड्रोजनच्या गाडीनं संसदेत गेले, त्या टोयोटा मिराईमध्ये मात्र २०१४ च्या पहिल्या मॉडेलपासूनच वेगळा ह्युमिडिफायर नाही. तिथं पडदा आणखी पातळ केला म्हणजे पाणी लवकर उलटं झिरपते, हवा आणि हायड्रोजन एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं सोडले म्हणजे एकाचा ओला शेवट दुसऱ्याच्या कोरड्या सुरुवातीला लागून येतो, आणि न वापरलेला हायड्रोजन ओलीसकट परत फिरवला.

प्रश्न: आमचं संत्र्याचं काम आहे, ग्रेडिंग शेडमध्ये बॅकअप म्हणून विचार करून राहिलो. रेडिएटरसमोर कूलरसारखे वुडवूलचे पॅड लावले, वरून पाणी सोडलं, तर जमते का?
(बागायतदार, वरूड)

जमते. दादा, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर फारच चांगलं जमते. ४५ डिग्री, १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या पॅडमधून गेली तर २८-३० डिग्रीपर्यंत उतरू शकते, म्हणजे वर सांगितलेला २५ चा फरक एकदम ४० वर जातो. पावसाळ्यात कूलर काम करत नाही हे घरोघरी माहीत आहे, पण तेव्हा बाहेरची हवाच २८-३० ची असते, गरजच पडत नाही.

पाण्याचा हिशोब मात्र आधीच करून ठेवा. १ लिटर पाणी उडताना साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते, म्हणजे ५ किलोवॅटची सगळी उष्णता पाण्यावरच काढायची म्हटलं तर तासाला ७-८ लिटर. तुमच्या मनात येईल की सेल स्वतः पाणी बनवते, तेच पॅडवर सोडू. ५ किलोवॅटवर तासाला पावणेतीन लिटरच्या आसपास बनते, पण ते बहुतेक वाफ होऊन निघते, आणि ४५ च्या उन्हात ती वाफ थंड करून परत पाणी करायला गेलं तर निम्म्याहून कमी हाती लागते. ज्या दिवशी सगळ्यात जास्त पाहिजे त्याच दिवशी सगळ्यात कमी मिळते. तेव्हा टाकी वेगळीच ठेवा. आणि थेंब उडून स्टॅकच्या हवेच्या तोंडात जाऊ देऊ नका, पाण्यातलं सोडियम-कॅल्शियम पडद्यात घुसलं की प्रोटॉनची जागा अडवून बसते.

प्रश्न: आम्ही खारपाणपट्ट्यातले. कूलंट संपला तर बोअरचं पाणी टाकलं तर चालते का, का ट्रॅक्टरचा कूलंट टाकायचा?
(शेतकरी, दर्यापूर)

दोन्ही नाही. अजिबात नाही. फ्युएल सेलमध्ये कूलंट थेट त्या प्लेटांमधून फिरतो ज्यांच्यावर व्होल्टेज आहे, मोठ्या स्टॅकमध्ये ते शेकड्यानं असते. त्या कूलंटमधून वीज वाहायला लागली तर गळती, गंज आणि शॉकचा धोका. म्हणून क्षार पूर्ण काढलेलं पाणी किंवा खास कमी वाहकतेचा ग्लायकॉल कूलंट वापरतात, आणि त्याच्या लाइनमध्ये आयन काढणारं एक फिल्टर असते ते वेळेवर बदलायचं. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी तर मुळातच खारं, ते तिथं एक ग्लासभर पण जाऊ नये. ट्रॅक्टरच्या कूलंटमध्ये गंज थांबवणारे क्षारच मिसळलेले असतात, तो ट्रॅक्टरसाठी चांगला, इथं नाही. पॅडवर खारं पाणी सोडाल तर रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा थर बसेल, तो वेगळा ताप.

प्रश्न: गोबर गॅसवर चालन का? अन् मशीन गोठ्याजवळ ठेवली तं?
(पशुपालक, जि. वाशीम)

पीईएम सेल गोबर गॅसवर सरळ चालत नाही. त्यात मिथेन असतो, हायड्रोजन नाही, आणि सोबत हायड्रोजन सल्फाइड असतो तो आतल्या प्लॅटिनमला, म्हणजे सेलमधली क्रिया घडवणाऱ्या धातूला, मारतो. दुसऱ्या जातीचे सेल आहेत, सॉलिड ऑक्साइडचे, ६००-७०० डिग्रीच्या वर चालणारे, त्यांना ओल्या पडद्याची भानगड नाही आणि सल्फर नीट काढलेला गोबर गॅस त्यांना चालू शकतो, पण ते तापायलाच खूप वेळ घेतात, लाइट गेली अन् चालू केलं असं होत नाही. गोठ्याजवळ ठेवू नका. गोमूत्रातून निघणारा अमोनिया पडद्यात मुरतो, युरियाच्या गोदामालाही तेच लागू. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सावलीत, धुळीचा फिल्टर लावून ठेवा.

प्रश्न: छोट्या एअर-कूल्ड फ्युएल सेलची जाहिरात पाहिली, त्यात रेडिएटरच नाही, फक्त पंखे. हे सोपं नाही का?
(मोबाइल टॉवरवर काम करणारा तंत्रज्ञ, गडचिरोली)

सोपं आहे, म्हणूनच १-२ किलोवॅटपर्यंत ते चालते. पण त्यात थंड करणारी हवा अन् सेलला लागणारी हवा एकच, उघड्या तोंडानं आत जाते, त्यामुळं उन्हाळ्यात पंखा जोरात फिरवला तर थंड होते पण वाळते, हळू फिरवला तर वाळणं कमी पण तापते. तुम्ही टॉवरवाले आहात, तर घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या की ४५ डिग्रीला, १५ टक्के आर्द्रतेत, सलग ४ तास किती वॅट मिळतील. २५ डिग्रीचा आकडा आपल्या कामाचा नाही. आणि पावसाळाभर मशीन बंद राहणार असेल तर हवेची दोन्ही तोंडं झाकणानं बंद करा आणि मॅन्युअलमध्ये दिलं असेल त्या अंतरानं थोडा वेळ लोडवर चालवत जा, नुसतं पडून राहिलं तरी पडदा वाळते.