वाचक विचारतात : मैतेई हे अर्जुनाचे वंशज का?

प्रश्न : महाभारतात अर्जुन मणिपूरला जातो, चित्रांगदेशी लग्न करतो, बभ्रुवाहन जन्मतो. आजच्या मणिपूर राज्यातले मैतेई त्याच वंशातले समजायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. आदिपर्वातला अर्जुन कलिंग ओलांडून, महेंद्र पर्वत पाहून, समुद्रकाठाने मणिपूरला पोचतो. इंफाळच्या खोऱ्यात समुद्र कुठला? या राज्याचे जुने नाव कांगलैपाक. ‘मणिपूर’ रुळले ते 18व्या शतकात, राजा पामहैबा ऊर्फ गरीबनिवाज वैष्णव झाल्यावर. राजघराण्याची वंशावळ पुराणाला नेऊन जोडायची हौस आपल्याकडेही काही कमी नव्हती.

मैतेईंची भाषा तिबेटो-बर्मी कुळातली. समाज सात ‘सलाइ’ म्हणजे कुळांचा : मंगांग (निंगथौजा), लुवांग, खुमान, मोइरांग, अंगोम, खा-ङानबा आणि सारांग-लैशांगथेम. एका सलाइत सोयरीक होत नाही. यातल्या काहींची पूर्वी स्वतंत्र राज्ये होती; मोइरांगांचे लोकताक सरोवराकाठी. कांगला इथे गादी असलेल्या निंगथौजांनी ती काही शतकांत एकेक करून अंकित केली. मैतेई म्हणून जो एक समाज आज दिसतो, तो या एकत्रीकरणातून घडला.

राजबखर ‘चैथारोल कुंबाबा’ इ.स. 33 मध्ये पाखंगबापासून सुरू होते. पण तिच्यात पाखंगबाचे राज्य 120 वर्षे आणि त्याच्या मागून आलेल्याचे 110 वर्षे! तेव्हा सुरुवातीच्या भागातून राजांचा क्रम घ्यावा, साल घेऊ नये. भरवसा वाढतो तो राजा क्याम्बापासून. 1485 मध्ये त्याने ‘चैथाबा’ची प्रथा घातली : दरवर्षी एक माणूस नेमायचा, राजाचे आणि प्रजेचे त्या वर्षाचे अरिष्ट त्याने स्वतःवर घ्यायचे, आणि वर्ष त्याच्याच नावाने ओळखायचे. वर्षाला माणसाचे नाव चिकटले की मोजणीत ते सहसा गळत नाही.

प्रश्न : मीराबाई चानू यांचे आडनाव चानू ना? आणि मेरी कोमही मैतेईच का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही नाही. पूर्ण नाव सायखोम मीराबाई चानू. मैतेई नावात घराण्याचे नाव, ‘युमनाक’, आधी येते. इथे ते सायखोम. ‘चानू’ मुलींच्या नावानंतर लागते. मथळ्यात नुसते ‘चानू’ छापणे म्हणजे ‘कुमारी’ला आडनाव करणे. मेरी कोम कोम जमातीच्या आहेत, मैतेई नव्हेत.