ऑपरेशननंतर बाबा हॉस्पिटलचं जेवण तसंच परत पाठवतात. घरचा डबा न्यावा का?

तुम्ही लिहिलंय की खुब्याच्या ऑपरेशननंतर ७४ वर्षांचे बाबा पुण्यात ॲडमिट आहेत, ताटाला हात लावत नाहीत, आणि कोथरूडहून रोज डबा नेणं योग्य आहे का.

डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर न्या. पण त्याआधी ताट परत का जातंय ते बघा. मी पुण्यातच आहारतज्ज्ञ म्हणून वॉर्डात काम करते. चव नाही हे कारण सगळेच सांगतात, ते खोटंही नाही, पण बरेचदा भानगड वेगळीच असते. ताट येतं तेव्हाच पेशंटला एक्स-रेला नेलेलं असतं. तो परत येईस्तोवर पोळी वातड. नाहीतर ताट बाजूच्या टेबलावर, पेशंट आडवा, एका हाताला सलाईन, आणि वाटीवरची प्लास्टिकची फिल्म एका हाताने निघत नाही. तासाभराने वॉर्डातले मामा येतात आणि भरलेलं ताट उचलून नेतात. फाइलवर ‘सॉफ्ट डाएट’ लिहिलेलं असतं, त्यातलं पोटात किती गेलं याची नोंद कुठेच नसते. मेनूवर हव्या तेवढ्या बैठका होतात, उरलेल्या ताटाकडे मात्र कोणी बघत नाही. माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

तेव्हा जेवणाच्या वेळी घरचं कोणीतरी तिथे हवंच. सिस्टरना विचारून पलंगाची पाठ वर करून घ्या. कवळी लावली आहे ना बघा, ती हमखास ड्रॉवरमध्ये असते! आणि एका वहीत लिहा: अर्धी पोळी, दोन चमचे वरण, दूध नाही. ‘काही खात नाहीत हो’ यापेक्षा दोन दिवसांची ही वही आहारतज्ज्ञाला दाखवलीत तर लगेच हालचाल होते. ॲडमिट होतानाचं वजन आणि गेल्या काही महिन्यांत कपडे सैल झाले होते का, हेही सांगा.

आता डब्यात काय. सगळे प्रेमाने पेज, साबुदाण्याची खीर आणि गेटबाहेरून शहाळं आणतात. पोटाला हलकं, कबूल, पण प्रथिनं फारच कमी. जखम भरायला आणि पाय टाकायला बळ यायला तीच लागतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर अशा आजारपणात साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे किमान १ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम तरी. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कमी. म्हणून मऊ भातावर घट्ट वरण आणि तूप, दुधात दोन चमचे दूध पावडर, चालत असेल तर अंडं, नाहीतर पनीर किंवा दही. एकदम ताटभर नको, दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. संकष्टीचा उपास या महिन्यात माफ, हे बाबांना तुम्हीच समजवा. आमचं ऐकत नाहीत.

हे लाड नव्हेत, उपचारच आहे. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांहून जास्त पेशंटवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कुपोषणाचा धोका असलेल्यांना ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आहार दिला, तर ३० दिवसांतले मृत्यू शंभरात सुमारे दहावरून सातवर आले.

मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा हिशेब बदलतो, आणि शहाळ्यातलं पोटॅशियम महागात पडू शकतं. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ जुळायला हवी, त्यामुळे डबा लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकला तर सिस्टरना आधी कळवा. गिळताना ठसका लागत असेल तर घास देणं थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. आणि बरेच दिवस पोटात फारसं काही गेलं नसेल तर एकदम भरपूर भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं, ते तपासत हळूहळू वाढवावं लागतं.

पुन्हा ऑपरेशन ठरलं तर ‘रात्रीपासून उपाशी’ कशासाठी, हेही विचारा. सहसा हलकं खाणं सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा, पण ऑपरेशन पुढे ढकललं की आधी जेवण मागवा.