बद्द आवाज कुठे येतो?

नाशिक

प्रिय पोरी,

कार्बनच्या प्लेटवर काही आदळलं तर काय होतं, याच्या तुझ्या संगणकावरच्या मॉडेलचे निकाल पाहिले. बलाचा आलेख प्रत्यक्ष चाचणीच्या आलेखावर तंतोतंत बसला म्हणून तू खुशीत आहेस, आणि मला नेमकी तिथेच काळजी वाटते.

गारपिटीनंतर निफाडकडच्या द्राक्षबागेत तू गेली आहेस. मण्यावर नुसता टिपका दिसतो, चार दिवसांनी तोच आतून सडतो. कार्बनच्या लॅमिनेटचंही, म्हणजे कार्बन तंतूंचे थर रेझिनने (राळेने) चिकटवून केलेल्या प्लेटचंही, तसंच आहे. हातातून पाना पडला तर वर नखाएवढा खड्डाही दिसत नाही. आत मात्र आधी रेझिनला तिरक्या चिरा जातात, त्या दोन थरांच्या सांध्याशी पोचल्या की थर सुटायला लागतात. तेही तंतूंची दिशा बदलते त्याच सांध्यावर. सुटलेला भाग भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो, खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने लांबट. तुझ्या ०/९० च्या सांध्यावर, म्हणजे तंतू एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन थरांमध्ये, तो वाटोळा आलाय. एवढ्यावरूनच मॉडेल चुकलंय हे मला कळलं.

माझंही हेच झालं होतं. आलेख जुळला, रिपोर्ट दिला. मग प्लेटचं अल्ट्रासॉनिक स्कॅन केलं, तर सुटलेलं क्षेत्र माझ्या उत्तराच्या दुपटीहून जास्त! त्या रात्री झोप लागली नाही. अशीच प्लेट पुढे दाबाखाली आली की सुटलेले थर वेगवेगळे वाकतात आणि ती फार लवकर जाते. चूक साधी होती. सांधा प्रत्यक्ष तुटत असतो तो पट्टा आपल्या रेझिनमध्ये जेमतेम १ मिमीचा, त्यात निदान तीन एलिमेंट, म्हणजे मॉडेल ज्या बारीक तुकड्यांत कापतो ते तुकडे, बसायला हवेत. मी २ मिमीचे ठेवले होते. आलेखात मुख्यतः प्लेटचं वाकणं दिसतं, म्हणून तो तरीही जुळला.

सांध्याची चिवटता कुणाच्या तक्त्यातून उचलू नकोस. आपल्याच लॅमिनेटच्या पट्ट्या काप, काही सोलून बघ, काही वाकवून थर सरकवून बघ. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दोन्ही लागतात. आवरग्लास ऊर्जा, म्हणजे एलिमेंटचा खोटा वाकडेपणा रोखण्यात मॉडेलने खर्च केलेली ऊर्जा, अंतर्गत ऊर्जेच्या पाच टक्क्यांवर गेली असेल तर तो रन सरळ टाकून दे.

शनिवारी लॅबमध्ये ये. प्लेटवर नाणं वाजवत जा, खणखणीत आवाज जिथे बद्द होतो तिथे खडूने खूण कर. खुणा जोडून ट्रेसिंग पेपरवर उतरव आणि तो कागद तुझ्या मॉडेलमधल्या सुटलेल्या भागाच्या चित्रावर ठेव. स्कॅन नंतर करू.

तुझा,
सर