टेरॅटोमा: यात राक्षस कुठून आला?

गोव्यातल्या फोंड्याहून एका भगिनीने विचारलं आहे: "भाचीचं बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. अंडाशयातल्या गाठीत केस आणि दात निघाले. रिपोर्टात 'मॅच्युअर सिस्टिक टेरॅटोमा' लिहिलंय. ओळखीच्या एकाने त्याचा अर्थ 'राक्षसी गाठ' सांगितला, तेव्हापासून वहिनीने धसका घेतलाय. खरा अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?"

'राक्षसी' हा अर्थ कोशातून उचललेला आहे, पण अर्धाच. ग्रीक 'तेरास' म्हणजे मुळात देवाने धाडलेला संकेत, शकुन. होमरच्या काव्यात झ्यूस असे संकेत पाठवतो. विचित्र जन्म हाही संकेतच मानत, म्हणून पुढे शब्दाला 'अक्राळविक्राळ जीव' हा अर्थ चिकटला. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा शब्द राक्षस नव्हे, 'उत्पात'. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पाताध्याय आहे, त्यात उल्का-भूकंपांच्या जोडीला स्त्रियांच्या विपरीत प्रसूतीही येतात. आज आपण पोरांच्या दंग्याला उत्पात म्हणतो, मूळ अर्थ पार पुसला गेला. 'ओमा' हा तर गाठीचा, सुजेचा प्रत्यय. लिपोमा म्हणजे चरबीची गाठ, आपलं साधं आवाळू. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हे दोन तुकडे जोडले. एकाच गाठीत कातडी, केस, दात, हाड, कधी थायरॉइडची ऊती (टिश्यू) पाहून त्या काळी जे नवल वाटलं, ते नावात उतरलं. ते नाव गाठीला दिलेलं आहे, मुलीला नव्हे.

केस-दात ऐकून घरात दुसरीही शंका येते, ती स्पष्टच खोडतो. हे गर्भाचे अवशेष नव्हेत. अंडाशयातल्या बीजपेशींत शरीरातली कुठलीही ऊती घडवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी पेशी फलनाशिवायच वाढू लागते आणि जमेल ते घडवत बसते. अविवाहित मुलींत, लहान बाळांत, मुलग्यांच्या वृषणातसुद्धा असा टेरॅटोमा आढळतो.

माझ्या मते रिपोर्टातला जास्त फसवा शब्द आहे 'मॅच्युअर'. त्याचं 'परिपक्व' केलं की मराठी माणसाला पिकलेलं गळू आठवतं: आता फुटणार, आता पसरणार. इथे अर्थ नेमका उलटा आहे. ऊती पूर्ण घडलेल्या, मोठ्या माणसाच्या अंगात असतात तशा, म्हणून 'मॅच्युअर'. अंडाशयातल्या अशा गाठी बहुतेक सगळ्या निरुपद्रवी असतात, शंभरांत एकदोनच पुढे कर्करोगाकडे वळतात. डॉक्टर जास्त जपतात ते 'इमॅच्युअर' म्हटलेल्या प्रकाराला. म्हणजे आपल्या कानाला कच्ची गाठ बरी आणि पिकलेली वाईट, तर रिपोर्टात अगदी उलट! वहिनींना आधी हे सांगा.

आता मराठी शब्द. गाठीसाठी 'अर्बुद' हा शब्द सुश्रुतसंहितेपासूनचा आहे आणि वैद्यकाच्या पुस्तकात शोभतो. शाळेच्या पुस्तकात टिश्यूला 'ऊती' म्हणतात, तेव्हा 'मिश्र-ऊती अर्बुद' अचूक होईल. 'बहु' लावू नये, कारण संधी झाला की 'बहूती' होतं आणि वाचणारा अडखळतो. घरात बोलताना मात्र 'गाठ'च म्हणावं. कोंकणीत 'गांठ', मराठीत 'गाठ', दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत कुणाला समजवावं लागत नाही. रिपोर्टाचं मराठी करायचंच तर मी असं करीन: 'पूर्ण घडलेल्या मिश्र ऊतींची, द्रव भरलेली गाठ'. लांब आहे, पण घाबरवत नाही. डॉक्टरांच्या तोंडी 'डर्मॉइड' आलं तर गोंधळू नका. ती बहुधा हीच गाठ असते, आणि त्या शब्दाचा अर्थ 'कातडीसारखी' एवढाच.

लिहिताना 'टेरॅटोमा' पुल्लिंगी ठेवावा, ट्यूमरसारखा: टेरॅटोमा निघाला, टेरॅटोमाची तपासणी झाली.