क्यू की टेबल? आधी कार्डाचं बिल

पत्र थोडक्यात असं. वाचक ३७ वर्षांचे आहेत. घरी पत्नी, ९ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी. कमावणारे ते एकटेच. आठवड्यातून तीनदा क्लबमध्ये पूल खेळतात, म्हणजे टेबलावर क्यूने, लांब काठीने, बॉल मारायचा खेळ. कार्बन शाफ्टचा (शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा भाग) चांगला क्यू आत्ता घ्यावा, की ते पैसे घरच्या आठ फुटी टेबलाकडे वळवावेत, असा त्यांचा प्रश्न आहे. टेबल दोन वर्षांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर मिळतंय.

त्यांचे खरे आकडे छापत नाही. महिन्याला हातात येणारी रक्कम १०० धरली आहे आणि बाकी सगळं त्याच मापात मांडलं आहे. क्यू ८०. टेबल ४००, रोख दिल्यास ३६०. क्लबचा खर्च महिन्याला ६.

पत्राच्या शेवटी तीन वाक्यं जाता जाता आली आहेत. ‘क्रेडिट कार्डावर १५०च्या आसपास बाकी आहे, पण किमान रक्कम मी एकदाही चुकवलेली नाही.’ ‘४२ टक्के परताव्याची विमा पॉलिसी चालू आहे, टेबलासाठी तिच्यावर कर्ज मिळेल असं एजंट म्हणतात.’ आणि ‘डॉक्टरांनी नुकतीच रक्तदाबाची गोळी सुरू केली, म्हणून विरंगुळा घरीच असावा असं वाटतं.’

मी स्वतः पूल खेळतो, त्यामुळे क्यूबद्दल बोलायला मला आवडेल, आणि शेवटी बोलणारही आहे. पण तुमचं घर या तीन वाक्यांवर उभं आहे, म्हणून सुरुवात तिथून.

कार्डापासून बघू. तुम्हीच लिहिलंय की व्याज महिन्याला ३ टक्के आहे. १५० वर ते महिन्याला साडेचार होतं. किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, म्हणजे साडेसात. तुम्ही साडेसात भरता, त्यातले साडेचार व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ३ ने कमी होतं. कार्डावर पुढे एक पैसाही खर्च केला नाही, तरी या गतीने बाकी निम्म्यावर यायला जवळजवळ तीन वर्षं लागतील. शिवाय बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत सहसा उरत नाही, किराण्यावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किमान रक्कम वेळेवर भरल्याने दंड वाचतो आणि पत टिकते, एवढंच. कर्ज जेमतेम हलतं. वर्षाला ३६ टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना टेबलाचा विचार करणं मला तरी पटत नाही.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. वर्षाला १२० हप्ता, दहा वर्षं भरायचा, पंधराव्या वर्षाअखेर १७०० मिळणार. भरले १२००, मिळाले १७००, वर ५००. हे झाले ४२ टक्के. पण ते पंधरा वर्षांत मिळून आहेत! वर्षाचा दर काढला तर तो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतो. हा हिशोब पॉलिसी विकणाऱ्याला येत नाही असं मी मानत नाही. ‘४२ टक्के’ हा आकडा वर्षाचा आहे की एकूण, हे समोरच्याला न सांगता जो कागद पुढे सरकवतो, तो फसवतो. मला याचा राग येतो, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि आकडा तेवढा बदललेला असतो.

त्याहून वाईट भाग पुढे आहे. ही पॉलिसी तुम्ही ‘विमा’ म्हणून धरून आहात. तुम्ही गेलात तर घरच्यांना किती मिळणार? १२००, म्हणजे तुमची एका वर्षाची कमाई. त्यातून कार्डाचे १५० गेले की उरतात १०५०. घरखर्च महिन्याला ७०. पंधरा महिन्यांत पैसे संपतील, तेव्हा तुमची मुलगी सव्वापाच वर्षांची असेल.

हे वाचायला कठोर वाटेल, पण रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचं तुम्हीच लिहिलंत आणि त्यावरून टेबलाकडे वळलात. मला त्या वाक्याने सगळ्यात जास्त घाबरवलं. दोन मुलं आणि एकट्याची कमाई असताना किमान दहा वर्षांच्या कमाईइतकं संरक्षण हवं, म्हणजे १२०००. आज तुमच्याकडे त्याचा दहावा हिस्सा आहे. एवढं संरक्षण फक्त साध्या मुदत विम्यातच परवडतं, ज्यात तुम्ही हयात राहिलात तर काहीही परत मिळत नाही. ‘पैसे वाया जातात’ म्हणून लोक तो टाळतात आणि मग तुमच्यासारखी पॉलिसी घेतात. अहो, पैसे परत मिळणार नसतात म्हणूनच तो स्वस्त असतो.

गोळी सुरू झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. हप्ता थोडा वाढेल, बहुधा तपासण्या होतील. महिन्याला ३ धरून चाला. अर्जात गोळीचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहा. ‘हे लिहू नका, पास होणार नाही’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडून विमा घेऊ नका. लपवलेली गोळी नंतर दावा नाकारायला पुरू शकते, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसता, तुमची पत्नी असते.

नवी पॉलिसी हातात पडली की, आणि त्याआधी नाही, जुनी बंद करायला घ्या. चार वर्षांत तुम्ही ४८० भरले आहेत. कंपनीच्या पत्रकानुसार आज सोडली तर २८० मिळतात. दोनशेचं नुकसान. ते दुखणार, आणि एजंट नेमकं त्यावरच बोट ठेवेल. पण दोनशे गेले ते पॉलिसी घेतली त्या दिवशी गेले. आज प्रश्न इतकाच की हातातले २८० आणि पुढचे सहा हप्ते यांवर किती सुटतं. मी तोही हिशोब केला: साधारण सहा टक्के. म्हणजे इथून पुढे ही पॉलिसी इतकी वाईट नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कार्ड नसतं तर ठेवावी की सोडावी यावर आपण वाद घातला असता. पण एका हाताने सहा टक्के मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने छत्तीस टक्के द्यायचे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. २८० मधून कार्डाचे १५० एकदम भरा. उरलेले १३० अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाका आणि कार्ड कपाटात ठेवा.

समजा तब्येतीमुळे मुदत विमा नाकारला गेला, तर मात्र जुनी पॉलिसी सोडू नका. तिच्यावर कर्ज काढा आणि ते कार्डात भरा. पॉलिसीवरचं कर्ज ३६ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही. एजंटने सुचवलेली वाट बरोबर होती, फक्त टेबलासाठी नाही.

टेबलाच्या हप्त्यांचं काय? महिन्याचा हिशोब तुमच्याच पत्रातून मांडतो. घरखर्च ७०, पॉलिसी १०, कार्ड साडेसात, क्लब ६. उरले साडेसहा. टेबलाचा हप्ता जवळजवळ १७. दहाची तूट ‘पुढच्या वर्षी पगार वाढेल’ या वाक्यावर टांगलेली आहे. पगार वाढेपर्यंत ते दहा कुठून येणार? कार्डावरूनच. आणि बिनव्याजी म्हणाल, तर रोख ३६० आणि हप्त्याने ४००, हा ४० चा फरक म्हणजेच व्याज. दरमहा मुद्दल फिटत जातं हे धरलं तर वर्षाला साधारण अकरा टक्के. दुकानदाराने त्याला वेगळं नाव दिलंय.

क्लबचे पैसे वाचतील, त्यात टेबल वसूल होईल, असंही तुम्ही लिहिलंय. वर्षाला ७२ वाचले तर ४०० वसूल व्हायला साडेपाच वर्षं, तीही मधे कापड बदललं नाही आणि घर बदललं नाही तर. आणि घरी टेबल आलेले किती जण क्लबला जायचं थांबवतात? खेळायला समोर माणूस लागतो.

तुमच्या खोलीचं मात्र मला वाईट वाटलं, कारण माप तुम्ही इतकं नीट पाठवलंय. चौदा बाय अकरा फूट. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच असते आणि क्यू साधारण ५८ इंचांचा. दोन्ही बाजूंना एकेक क्यू मावायचा तर खोली सतरा फूट बाय सव्वातेरा फुटांहून थोडी मोठी लागते. तुमच्या खोलीत कुशनच्या (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीच्या) मागे लांबीकडे ४० इंच उरतात, रुंदीकडे ४४. कुशनला चिकटलेला बॉल मारताना क्यूचं मागचं टोक भिंतीला लागणार. ४८ इंची आखूड क्यूसुद्धा तिथे पुरता मागे जाणार नाही. ‘टेबल बसेल’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. खेळणारा बसणार नाही. पटत नसेल तर जमिनीवर चिकटपट्टीने ८८ बाय ४४ चा आयत आखा, क्लबचा एक क्यू संध्याकाळपुरता मागून आणा आणि सगळ्या बाजूंनी वाकून बघा.

आणखी एक. दरपत्रकात पायांचं कोरीवकाम आहे, दिवा आहे, बॉलचा संच आहे. कापडाखाली काय आहे, याबद्दल एक शब्द नाही. चांगल्या टेबलात तिथे स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, असते, बहुधा तीन तुकड्यांत, साधारण इंचभर जाडीची, म्हणूनच अशा टेबलाचं वजन काहीशे किलो भरतं. लाकडाच्या भुशाचा फळा असेल तर तो ओलाव्याने फुगतो, मधोमध वाकतो, आणि हळू मारलेला बॉल शेवटी वळण घेतो. मित्राचं जुनं स्लेटचं टेबल ९० ला मिळत होतं, कापड फाटलेलं म्हणून तुम्ही नाही म्हणालात. कापड आणि कुशनचं रबर बदलता येतं. नीट सांभाळलेली स्लेट म्हातारी होत नाही. जुनी टेबलं स्वस्त मिळतात, कारण ती सुटी करून, उचलून, पुन्हा सपाट बसवायचा खर्च मोठा असतो आणि विकणाऱ्याला ती जागा लवकर मोकळी हवी असते. पुढे कधी मोठी खोली झाली, तर हाच रस्ता धरा.

आता क्यू. साइड दिली, म्हणजे मधोमध न मारता एका बाजूला मारलं, की क्यू बॉल (आपण मारतो तो पांढरा बॉल) रेषा सोडतो, ही तुमची तक्रार खरी आहे. कार्बनच्या शाफ्टचं पुढचं टोक हलकं असल्याने ते विचलन कमी होतं. कमी होतं, जात नाही. आणि नेम पुन्हा नव्याने बसवावा लागतो. कार्बन दमटपणाने वाकत नाही, हा गुणही खरा. पण तुमची मुख्य अडचण मला वेगळी दिसते: तुम्ही दर वेळी क्लबचा वेगळा क्यू उचलता. कधी ५१० ग्रॅमचा, कधी ५९५चा. पुढच्या वेळी खेळण्याआधी त्याच्या टिपवरून, म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या तुकड्यावरून, अंगठा फिरवा. बहुधा ती चपटी झालेली असेल, कडेने बाहेर ओघळलेली, वरून इतकी गुळगुळीत की चॉक धरत नाही. बॉलला स्पर्श करणारा क्यूचा एकमेव भाग तोच, आणि तो स्पर्श सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाचा असतो. त्यात तुमचा सगळा स्पिन.

मेपलच्या शाफ्टचा जो सरळ क्यू तुम्ही १२ मध्ये बघून ठेवलाय, तो घ्या. घेताना एका टोकाकडून डोळा लावून बघा, टेबलावर लोळवून बघा, आणि टिप नवी बसवून घ्या. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने वाकेल. ब्रेकसाठी (पहिल्या फटक्यासाठी) वेगळा आणि जंपसाठी (बॉल उडवायला) वेगळा, हे आत्ता नको.

कधी घ्यायचा? कार्डाची बाकी शून्य झाली की त्याच महिन्यात. पॉलिसीचे १० आणि कार्डाचे साडेसात सुटतात, मुदत विम्याचे ३ जातात, आधीचे साडेसहा आहेतच: महिन्याला २१ हातात. पहिल्या महिन्यातले १२ क्यूला. नंतरचे सगळे अडीअडचणीच्या खात्यात, सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके, म्हणजे ४२० होईपर्यंत. १३० आहेत, २९० हवेत, चौदा महिने. क्लबचे ६ चालू ठेवा, ते कापायला मी सांगणार नाही. तीन संध्याकाळी मित्रांबरोबर उभं राहून खेळणं रक्तदाबालाही वाईट नाही, डॉक्टरांना विचारून घ्या.

या आठवड्यात करायची कामं दोनच. मुदत विम्याचा अर्ज गोळीसकट भरा. आणि जुनी पॉलिसी आज सोडल्यास नेमके किती मिळतील, त्यातून काही कापलं जाईल का, हे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटच्या तोंडून नको. कागद आला की मला पाठवा, २८० चा आकडा बदलला असेल तर पुढचं गणित मी पुन्हा करून देईन.