चालत्या कॅम्परमध्ये गॅसवरचा फ्रिज चालू ठेवावा का? आणि त्याची निगा कशी राखायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ऐरोलीत तुम्ही कॅम्पर करून घेतलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. तिच्यात गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज आहे. आईचं इन्सुलिन त्यात ठेवायचं असल्यामुळे गाडी चालू असताना तो गॅसवर ठेवला तर चालेल का, आणि घाटात मुक्काम केला की तो गार का होत नाही, हे तुम्हाला विचारायचं आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेटला रेफ्रिजरेशनची कामं करतो. हॉटेलच्या खोल्यांतले आवाज न करणारे छोटे फ्रिज याच जातीचे, त्यामुळे ही यंत्रं चांगली हाताखालून गेलेली आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. गाडी सुरू करण्याआधी गॅस बंद, आणि तोही फ्रिजच्या बटणावर नव्हे, सिलिंडरच्या रेग्युलेटरवर. या फ्रिजच्या पाठीमागे खरीखुरी ज्योत जळत असते. खड्ड्यात गाडी आदळली आणि नळी जोडाशी सुटली, तर चालवणाऱ्याला ते पुढे बसून कळणार नाही. तीच गाडी घेऊन तुम्ही घोडबंदर रोडवर डिझेलच्या नाहीतर सीएनजीच्या रांगेत शिरलात तर पेटती ज्योत थेट पंपावर नेलीत. युरोपात अपघाताचा धक्का बसताच गॅस तोडणारे खास रेग्युलेटर मिळतात, ते बसवून तिथे काही जण गॅस चालू ठेवतात. आपल्याकडच्या साध्या रेग्युलेटरमध्ये ती सोय नसते, तेव्हा तिकडचे व्हिडिओ पाहून तसं करू नका.

गाडी चालू असेपर्यंत फ्रिज १२ व्होल्टवर ठेवायचा. पण १२ व्होल्टवर तो आधीच गार झालेलं टिकवून धरतो, गरम सामान गार करणं त्याला फारसं जमत नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळीच सोसायटीच्या पार्किंगमध्ये २३० व्होल्टवर लावून रात्रभर चालू द्या. घरच्या फ्रिजसारखा तो तासा-दोन तासांत गार होत नाही, सहा-आठ तास तरी लागतात. सामानही घरच्या फ्रिजमधून गार करूनच त्यात ठेवा. आणि इंजिन बंद केलं की १२ व्होल्टही बंद. मध्यम आकाराचा असा फ्रिज १२ व्होल्टवर सतत १० अँपिअरच्या आसपास खेचतो. १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये हे धरलं तर पाच तासांत खेळ आटोपला, सकाळी गाडीला स्टार्टर मिळणार नाही. चांगल्या जोडणीत एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच असतो, तो इंजिन थांबताच फ्रिजची वीज तोडतो. तुमच्या गाडीत तो आहे का, हे ऑटो-इलेक्ट्रिशियनला विचारा. मुक्कामी पोचल्यावर गॅस. एका वेळी एकच, दोन्हींवर मिळून लवकर गार होईल असं समजून कधी लावू नका. बॉयलर, म्हणजे मागचा उष्णता घेणारा भाग, नको तेवढा तापतो आणि त्याचं आयुष्य तिथेच कमी होतं.

आता घाटातलं न गार होणं. हा फ्रिज समजला की त्याची निगा आपोआप जमते, म्हणून यावर जरा थांबतो. यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. स्टॉकहोममध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली तो बनवला आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला. बंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन असतो. खालच्या बॉयलरला उष्णता मिळाली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजन असलेल्या भागात पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता खेचतो आणि शेवटी पाण्यात विरघळून बॉयलरकडे परततो. उष्णता गॅसची असो नाहीतर विजेच्या कॉइलची, पुढचं काम तेच. ही सगळी ये-जा द्रवाच्या स्वतःच्या वजनाने, किंचित उताराच्या नळ्यांतून होते. गाडी तिरपी उभी असली की तो उतार बिघडतो. द्रव वाटेत साचून राहतो, बॉयलर कोरडा पडतो, आणि खालची ज्योत मात्र त्याला तापवतच राहते. नळ्या गंजू नयेत म्हणून आत सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. अति तापल्यावर त्याचे कण बारीक नळीत बसतात. हे नुकसान भरून येत नाही. आज थोडं, पुढच्या मुक्कामी थोडं, असं करत एक दिवस फ्रिज तापतो पण गार होत नाही.

गाडी पळत असताना कललेली असली तर चालतं, कारण तो कल सारखा बदलत असतो. धोका उभ्या गाडीत आहे. माळशेजला रस्त्याकडेच्या उतारावर रात्रभर गाडी लावून गॅसवर फ्रिज ठेवला की नेमकं हेच होतं. बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तिकेत ३ अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, म्हणजे मीटरभर लांबीला साधारण ५ सेंटिमीटरचा फरक. गवंड्याकडे असते ती छोटी पाणसळ विकत घ्या आणि ती गाडीच्या फरशीवर नव्हे, फ्रिजच्या आत तळाच्या पत्र्यावर आडवी-उभी ठेवून पाहा. चाकाखाली लाकडी फळी घालून गाडी समतल करा, आणि मगच गॅस पेटवा. समतल जागा मिळालीच नाही तर त्या रात्री फ्रिज बंद ठेवणं परवडतं, दार न उघडता आतला गारवा काही तास टिकतो.

दुसरं कारण हवा. फ्रिज जेवढी उष्णता आतून खेचतो ती, आणि शिवाय ज्योतीची, अशी दोन्ही उष्णता मागच्या जाळ्यांतूनच बाहेर जाते. खालच्या जाळीतून गार हवा शिरते, वरच्या जाळीतून गरम बाहेर पडते. मागे सामान कोंबलं, पावसाचं पाणी येतं म्हणून जाळीला प्लास्टिक चिकटवलं, की काम संपलं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० च्या जवळ जातो, तेव्हा गाडीची फ्रिजकडची बाजू सावलीत येईल अशी उभी करा. वरच्या जाळीच्या आत हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवला तर आपल्या हवेत चांगला फरक पडतो. फ्रिजच्या लेबलवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ ३८ आणि ‘टी’ ४३. ‘एन’ वर्गाचा फ्रिज असेल तर मे महिन्यात तो बिघडला आहे असं समजू नका, तो बनलाच थंड देशासाठी आहे.

खालच्या जाळीचं आणखी एक काम आहे आणि तिथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, आणि त्या जाळीतून बाहेर पडायला हवा. शिवाय ज्योतीचा धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड राहत्या भागात येता कामा नये. म्हणून फ्रिजची पाठ गाडीच्या आतल्या जागेपासून पूर्ण बंद असायला हवी. आपल्याकडे कॅम्पर बनवणारे पुष्कळदा फ्रिज नुसता खोक्यात सरकवून मोकळे होतात. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. रात्री गाडीतले दिवे बंद करा, बाहेरून कुणाला तरी जाळीत टॉर्च मारायला सांगा आणि आत बसून पाहा. फ्रिजच्या कडेने कुठूनही उजेड दिसला तर तिथून धूरही येणार. ती फट उष्णता सोसणाऱ्या सीलंटने किंवा पत्र्याच्या पट्टीने बुजवल्याशिवाय गॅसवर फ्रिज लावून आईला गाडीत झोपवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ डोक्याच्या उंचीवर लावा आणि गॅसगळतीचा अलार्म फरशीलगत.

सिलिंडर घरचा लाल १४.२ किलोचा नको, तो घरच्या स्वयंपाकापुरताच दिलेला असतो. वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर ५ किलोचा मिळतो. इंडियन ऑइलने त्याला ‘छोटू’ असं नाव दिलं आहे. फक्त फ्रिजसाठी तो दहा-बारा दिवस पुरायला हरकत नाही. उभाच ठेवा, पट्ट्याने बांधा आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असू द्या. आडवा पडला तर गॅसऐवजी द्रव नळीत येतो आणि ज्योत भडकते. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर कधी लावू नका. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो, फ्रिजच्या लेबलवर किती लिहिलं आहे ते त्याच्याशी ताडून पाहा. नळी तारेच्या आवरणाची नारिंगी सुरक्षा नळीच घ्या आणि तिच्यावर छापलेली मुदत संपण्याआधी बदला. प्रत्येक सहलीआधी जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा, काडी पेटवून कधीच बघू नका.

ज्योत पेटवताना बटण दाबून धरावं लागतं, पेटल्यावरही दहा-वीस सेकंद. तेवढ्यात थर्मोकपल, म्हणजे ज्योतीपाशी बसवलेलं उष्णता ओळखणारं टोक, तापतं आणि झडप उघडी धरतं. पुढे ज्योत विझली तर ते थंड होतं आणि गॅस आपोआप तुटतो. बटण सोडताच ज्योत विझत असेल तर थर्मोकपल किंवा त्याची जागा तपासायला हवी. काही जण ते बायपास करून देतात, अशा माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी झाली, वर काजळी दिसली, तर बर्नर साफ करायची वेळ झाली. आपल्याकडे याचं मोठं कारण पाऊस. चार महिने गाडी सोसायटीत उभी राहते, चिमणीतला गंज झडून बर्नरवर पडतो आणि बाहेरच्या जाळीतून कुंभारमाश्या येऊन मातीची घरं बांधतात, कोळी जाळी विणतात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास, पहिल्या सहलीआधी, गॅस सिलिंडरवर बंद करून आणि सगळं थंड झाल्यावर जाळी काढा, ब्रशने बर्नर आणि चिमणी झाडून घ्या. जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तुकड्याच्या, भोकात सुई किंवा तार घालू नका. ते भोक इतकं बारीक असतं की जरासं मोठं झालं तरी ज्योत बिघडते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून हवेने फुंकायचं, तेवढं पुरतं. पावसाळ्यात फ्रिज बंद असेल तेव्हा दार थोडं उघडं अडकवून ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

फ्रिजमधून अमोनियाचा तिखट वास आला किंवा पाठीमागे पिवळी पूड दिसली तर नळी फुटली आहे. गॅस बंद, वीज बंद, दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. सोबत हायड्रोजनही बाहेर येतो आणि तो पेट घेतो. त्या पिवळ्या पुडीला उघडा हात लावू नका, ती विषारी आहे. एसीवाला ‘गॅस भरून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. या बंद नळ्या कापायच्या नाहीत, वेल्डही करायच्या नाहीत, अख्खा संच बदलायचा. अमेरिकेत २००६ साली डोमेटिक कंपनीने बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागू शकते म्हणून लाखो फ्रिज परत बोलावले होते. तुमचा बाहेरून आलेला जुना डोमेटिक असेल तर त्याचा सिरियल नंबर पाहून घ्या. एलपीजीचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता सिलिंडर बंद करून बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

आईच्या इन्सुलिनसाठी या फ्रिजवर डोळे मिटून विसंबू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. या फ्रिजमध्ये आतल्या मागच्या धातूच्या पट्ट्यांजवळ गोठण्याइतकी थंडी असते, दाराजवळ तापमान त्याहून पाच-सात अंशांनी जास्त. मधल्या कप्प्यात, त्या पट्ट्यांपासून दूर, डब्यात इन्सुलिन आणि त्याशेजारी एक थर्मामीटर ठेवा. पहिल्या सहलीआधी गाडी दारात उभी असतानाच दोन दिवस आकडे लिहून पाहा. चालू वापरातलं पेन किती दिवस बाहेर चालतं ते त्याच्या कागदावर असतं, डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

एक राहिलं. फ्रिजच्या दाराच्या आत नेमप्लेट असते. तिच्यावर २३० ऐवजी ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर तो अमेरिकन आहे, सोसायटीच्या प्लगला थेट लावू नका, कॉइल लगेच जळेल. २३० असेल तर तीन पिनांची, अर्थिंग असलेली जाड वायर वापरा आणि पार्किंगमधल्या त्या प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. नेमप्लेटवरचे आकडे इथे खाली लिहिलेत तर जेटचा दाब आणि हवामानाचा वर्ग जुळतो का, ते मी पाहून सांगतो.